घरच्या धंद्याचीं दूरचीं गिऱ्हाइकें

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या स्वयंपाकघरांना एक नवें दार फुटलें आहे. पूर्वीं भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणचीं हीं आळींतल्या चार ओळखीच्या घरांपलीकडे क्वचितच जात. आतां त्याच भाजणीचें छायाचित्र सकाळीं मोबाईलवर चढतें आणि दुपारपर्यंत ठाण्याहून, बंगळूरहून, एखादे वेळीं न्यू जर्सीहूनही मागणी येते. जाहिरात करणें आज जितकें स्वस्त आहे तितकें पूर्वीं कधींच नव्हतें. म्हणून ह्या लेखांत आम्हांला जाहिरातीपेक्षां तिच्या पुढचा विचार करावयाचा आहे : आलेली मागणी किती घ्यावी, ती कोणाच्या हातांनीं पुरी व्हावी, आणि त्या श्रमाचे पैसे कोठें जावे?

जाहिरातीचें शास्त्र महाराष्ट्राला नवें नाहीं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम विक्रीस निघाला तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९२० सालीं निघालेलें ‘किर्लोस्कर खबर’ हें मुळांत कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत पोंचविणारें पत्र. त्याचेंच पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें. माल खपण्याआधीं शंका फिटावी लागते, हें तेव्हां जितकें खरें होतें तितकेंच आजही आहे. तेल कोणतें वापरलें, पदार्थ किती दिवस टिकतो, पोंचावयास किती दिवस लागतील, एवढीं तीन उत्तरें छायाचित्राखालीं स्वच्छ मराठींत लिहिलीं तर झगमगीत चलच्चित्राची फारशी गरज उरत नाहीं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घरगुती विक्रीलाही लागते. तिचा चौदा आंकडी क्रमांक, वजन, किंमत व तयार केल्याची तारीख पाकिटावर असली म्हणजे अनोळखी गिऱ्हाईक निम्में ओळखीचें होतें.

पण दूर काय पाठवावें हें सुगरणीनेंच ठरवावें, मोबाईलनें नव्हे. चकलीचें छायाचित्र सर्वांत सुंदर येतें आणि मागणीही तिलाच सर्वांत जास्त; परंतु चार दिवसांच्या प्रवासांत तिचा चुरा होतो. मोडलेली चकली चवीला तितकीच खमंग लागते हें आम्हांला मान्य आहे, पण पैसे मोजून चुरा कोण घेईल? उलट, चकलीची भाजणी कोठेंही बिनघोर जाते, आणि तिच्या पिशवींत पाणी किती, मोहन किती, तळतांना आंच कशी असावी, हें लिहिलेली चिठ्ठी घातली तर परगांवची मुलगी स्वतः चकल्या पाडते व पुन्हां मागविते. अनारशांचेंही तसेंच. तयार अनारशांपेक्षां त्यांचें पीठ पाठविलेलें बरें. मेतकूट, चटण्या, मसाले हे तर प्रवासालाच जन्मलेले पदार्थ.

हिशेबाकडे मात्र आपल्या घरांत अजून संकोचानें पाहिलें जातें. समजा, एक किलो चकलीला जिन्नस, तेल व गॅस मिळून अडीचशे रुपये लागले, डबा व वेष्टण पन्नास, आणि ती पांचशेंना विकली. तर दोनशे रुपये फायदा झाला असें म्हणण्याची चाल आहे. पण भाजणें, मळणें, पाडणें, तळणें ह्यांत गेलेले तीन तास कोणी मोजले? दुसऱ्याच्या दुकानामार्फत विकल्यास त्याची दलाली वेगळी. हे तास धरले तर पुष्कळ ठिकाणीं फायदा म्हणून जें दिसतें ती केवळ मजुरी असते, आणि तीही अपुरी. मागणी दुप्पट झाली म्हणजे धंदा वाढला असें नव्हे. कधीं कधीं फक्त कंबर दुखणें दुप्पट होतें. दिवाळीच्या तीन आठवडे आधीं ‘आतां नवी मागणी घेत नाहीं’ असें नम्रपणें जाहीर करणाऱ्या भगिनींविषयीं आम्हांला मोठा आदर वाटतो.

दुसरें असें कीं, हे रस्ते आपले नव्हेत. जून २०२० मध्यें सरकारनें टिकटॉक बंद केलें, तेव्हां ज्यांचीं सारीं गिऱ्हाइकें तेथेंच जमली होतीं त्यांच्या हातीं कोणाचा पत्ताही उरला नाहीं. २०२५ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेनें आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकात-माफी काढून घेतली. आपल्या टपालखात्यानें तिकडची पार्सलें थांबविलीं व १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या अगदीं तोंडावर, पुन्हां सुरू केलीं. टपालावर विसंबलेला फराळ त्या वर्षीं घरींच राहिला. तेव्हां गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते आणि त्यांनीं काय मागविलें हें एका साध्या वहींत उतरून ठेवावें, हें बरें. ती वही कोणी बंद करूं शकत नाहीं.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत सून राबते आणि पैसे देण्याचा क्यूआर कोड मात्र यजमानांच्या किंवा मामंजींच्या खात्याचा असतो. कोणाच्या मनांत कपट नसतें. सोय म्हणून तसें होतें. पण वर्षाअखेर तिला स्वतःची कमाई सांगतां येत नाहीं, आणि धंद्यासाठीं कर्ज काढावयाचें तर तिच्या नांवावर एक पैचीही उलाढाल दिसत नाहीं. १९५९ सालीं गिरगांवांत सात बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’चे पापड लाटावयास आरंभ केला. तेथें लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण मानली गेली. त्या उद्योगाच्या वाढीचीं कारणें अनेक असतील; आम्ही हें कारण पहिलें धरतों.

एकत्र कुटुंबांत वांटणी अवघड असते हें खरें. भाजणीचें प्रमाण सासूबाईंचें, दळण आणावयाचें काम भावोजींचें, छायाचित्रें काढणारी पुतणी. आमच्या परिचयाच्या एका घरांत सुनेच्या नांवें वेगळें खातें उघडलें. घरच्या गॅसचे व धान्याचे पैसे दरमहा त्यांतून घरखर्चाला परत जातात आणि उरलेल्याचे कष्टाप्रमाणें चार वांटे होतात. सासूबाई आपला वांटा घेत नाहींत. ‘मला आतां पैसे काय करावयाचे?’ म्हणतात. वहींत तो दरमहा त्यांच्या नांवें जमा मांडला जातो, आणि अलीकडे त्या महिन्याअखेरीस चष्मा लावून ती रक्कम एकदां वाचून पाहतात.