वाडा पाडल्यावर उरलेल्या मलब्यातून शिल्प होतं का? चंदीगडमध्ये झालंय!

अमरावतीत जवाहर गेटच्या आतली गल्ली असो की अकोल्यातलं मोर्णेकाठचं जुनं शहर, वाडा पाडताना चित्र सारखंच असतं. सागवानी खांब, दारं, चौकटी आधी निघतात, कारण त्यांना गिऱ्हाईक असतं. लोखंड भंगारवाला नेतो. उरतो तो मलबा: विटांचे तुकडे, पांढरी माती, फुटक्या फरश्या. तो ट्रॉलीत भरून कुठल्या तरी खड्ड्यात टाकला जातो.

पण अशाच गिऱ्हाईक नसलेल्या मालातून चंदीगडचं रॉक गार्डन उभं राहिलंय.

सुरुवात कशी झाली?

चंदीगड शहर वसवण्यासाठी तिथली जुनी गावं उठवली गेली. पाडलेल्या घरांचा मलबा तसाच पडून होता. सार्वजनिक बांधकाम विभागात रोड इन्स्पेक्टर असलेले नेकचंद १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो सायकलवरून जंगलात नेऊ लागले. दिवसा नोकरी, रात्री शिल्पं. जागा सरकारी, बांधकामाला बंदी. त्यामुळे सगळं गुपचूप.

१९७० च्या दशकात प्रशासनाला पत्ता लागला. नियमाप्रमाणे हे सगळं पाडायला हवं होतं. पण लोक बाजूने उभे राहिले आणि १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना पगार मिळाला आणि हाताखाली ५० मजूरही. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ही बाग सुमारे ४० एकरांवर आहे.

शिल्प बनतं कसं?

आधी सळ्या, पाइप किंवा जुन्या सायकलच्या फ्रेमचा सांगाडा. त्यावर सिमेंट आणि वाळूचा थर. थर ओला असतानाच त्यात फरशीचे, कपबश्यांचे आणि बांगड्यांचे तुकडे दाबून बसवतात. भट्टीत भाजलेली चिनी माती आणि काच उन्हात फिकी पडत नाही. म्हणजे वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या उन्हातही टिकेल असाच हा माल आहे.

मग अडतं कुठे?

वेगळं करण्यात. सगळं एकाच ट्रॉलीत गेलं की मातीत मिसळलेली फरशी पुन्हा कुणी वेचत नाही. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन मलबा काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे करायला सांगितलं. एखादा छोटा वाडा या आकड्यात बसेलच असं नाही. तिथे निर्णय घरमालक आणि ठेकेदाराचाच.

आणि एकदा बनवलं की संपलं, असंही नाही. २०२५ मध्ये रस्ता आणि पार्किंगसाठी रॉक गार्डनच्याच भिंतीचा काही भाग पाडला गेला. लोकांनी विरोध केला, तरीही. मलब्यातून बनलेल्या भिंतीचा पुन्हा मलबा झाला.

तुमच्या गल्लीत पुढचा वाडा पडेल तेव्हा ट्रॉली भरण्याआधी फरश्या तेवढ्या बाजूला काढायला सांगा. शिल्प नंतर होईल. मात्र खड्ड्यात गेलेल्या फरशीचं काहीच होत नाही.