चाकाची धाव आणि टायरचे माप

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आजच्या विषयाची अर्धी गोष्ट अगोदरच ठाऊक आहे. लोहार चाकाचा घेर मोजतो, धाव त्याहून किंचित आखूड ठेवतो, विस्तवात तापवून ती फुगली की चाकावर बसवितो आणि वर पाणी ओततो. माप चुकले तर धाव एक तर बसतच नाही, नाही तर चार दिवसांत निसटते. मोटारीचा टायर रबराचा असला, तरी चाकाशी त्याचे नाते याहून फारसे निराळे नाही. मात्र येथे मोजावयाच्या गोष्टी एकाऐवजी पाच-सहा असतात, आणि चूक झाली तर ती लगेच दिसत नाही. टायर चढतो, गाडी चालते, आणि दोष प्रकट होतो तो पुढे केव्हा तरी, बहुधा भर वेगात.

आपण रायपूरचे उदाहरण घेऊ. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसलेली आहेत. तात्यापाऱ्यात काय किंवा चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात काय, मराठी अजून कानी पडते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्ये निराळी झाली, पण सोयरीक काही तुटली नाही. त्यामुळे ऐन मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना, पाच माणसे आणि लग्नाचे सामान घेऊन दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा या वाटेने पावणेतीनशेहून अधिक किलोमीटर जाणारी घरची मोटार ही तेथील नित्याची गोष्ट आहे. सोबतीला लोखंड आणि कोळसा वाहणारे अवजड ट्रक असतात. अशा प्रवासाआधी झिजलेले टायर बदलावयास आपण दुकानात जातो, आणि दुकानदार सहज सुचवितो की त्याच चाकावर एक माप मोठा टायर घाला, गाडी रुबाबदार दिसेल. हा सल्ला घ्यावा की नाही?

उत्तर टायरच्या अंगावरच छापलेले असते. समजा तेथे १८५/६५ आर १५ आणि त्यापुढे ८८ एच असे लिहिले आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नव्हेत. कडेच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६५ आहे, एवढाच त्याचा अर्थ. आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा व्यास, तोही इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच यांची ही खिचडी कोणी शिजविली असेल ती असो. जगभर आता तीच चालते.

आता थोडे गणित करू. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे सव्वाशेला थोडे कमी, १२०.२५ मिलिमीटर. ही भिंत रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून तिची दुप्पट २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ६२१.५ मिलिमीटर, हा चाकाचा एकूण व्यास. गाडीचा वेगदर्शक, गिअरांचे प्रमाण, ब्रेकची स्वयंचलित यंत्रणा, सारे काही कारखान्याने याच व्यासावर बेतलेले असते.

त्याच रिमवर २०५/६५ आर १५ चढविला, तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे शेकडा चारांहून अधिक वाढ. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी आठ सेंटिमीटर पुढे सरकते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. काटा ८० दाखवीत असतो तेव्हा वेग पूर्वीपेक्षा तीन किलोमीटरांनी अधिक असतो. नव्या गाडीचा काटा सामान्यतः खऱ्या वेगापेक्षा थोडे अधिकच दाखवितो. तेवढी सावधगिरी या बदलाने खर्ची पडते. २८५ किलोमीटरांचा प्रवास मीटरवर २७४ च्या आसपास नोंदला जाईल. नागपूर त्यामुळे जवळ येत नाही, ही गोष्ट वेगळी! याशिवाय जगदलपूरच्या वाटेवर केशकाळ घाटातील वळणांत स्टिअरिंग पुरते फिरविले, की फुगीर टायर आतल्या पत्र्याला घासण्याचा संभव असतो. जाणकार लोक म्हणूनच व्यासातील फरक शेकडा तीनच्या आत, आणि शक्यतो त्याहूनही कमी ठेवतात. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ येतो. एका टक्क्याच्या आसपासची ही घट चालण्यासारखी आहे.

परंतु व्यास जुळला म्हणजे काम झाले, असे नव्हे. रिमलाही स्वतःची रुंदी असते, आणि प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमसाठीच घडविलेला असतो. १८५/६५ ला पाच ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते. २०५/६५ ला निदान साडेपाच इंच लागतात. पाच इंची रिमवर तो बळेच बसविला, तर दोन्ही भिंती आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो व तेवढाच झिजतो, आणि वळणावर गाडी डोलू लागते. दुकानात उभे असताना यांतले काहीच जाणवत नाही.

कारखाने स्वतः काय करतात, हे पाहणे उद्बोधक आहे. मारुती स्विफ्टच्या साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ असे टायर दिले गेले आहेत. पहिल्याचा व्यास ६१९.६, दुसऱ्याचा ६२१.५. रिम इंचभर वाढली, पण भिंत तेवढी बुटकी केली, आणि बाहेरचे माप जवळजवळ तेच राखले. चौदा इंची रिम कायम ठेवून ज्यांना थोडा रुंद टायर हवा, ते १८५/७० आर १४ घेतात. त्याचा व्यास ६१४.६ भरतो. हा पर्याय हिशेबात बसतो. रुंद टायरने स्टिअरिंग किंचित जड होते व इंधनही थोडे अधिक लागते, हे मात्र दुकानदार सहसा सांगत नाही.

आता त्या ८८ कडे वळू, कारण माझ्या मते सर्वांत घातक दुर्लक्ष याच आकड्याकडे होते. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलोचा भार पेलतो. ८४ म्हणजे ५००. स्वस्त मिळाला म्हणून ८८ च्या जागी ८४ चा टायर घेतला, तर चार चाकांवर मिळून २४० किलोंची ताकद आपण गमावली. भरलेली गाडी, तापलेला डांबरी रस्ता आणि त्यात हवा कमी. अशा वेळी भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकण्याने तापते, आणि अखेर फुटते. एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरांची मर्यादा सांगते, टी १९० ची. तेवढ्या वेगाने कोणी जाऊ नयेच, पण वरचे अक्षर उष्णता सोसण्याची शक्तीही दर्शविते. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर कारखान्याने दिले त्याहून वरचे चालेल, खालचे कदापि नाही.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक छोटी चिठ्ठी चिकटविलेली असते. मान्य माप आणि हवेचा दाब तिच्यावर सापडतो. हवा मोजावी ती गाडी थंड असताना, म्हणजे रायपुरात उन्हाळ्यात सकाळीच. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला मान्य नाही. अपघातानंतर विम्याचा अधिकारी हीच चिठ्ठी वाचू शकतो, हेही ध्यानात असावे.

खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली, की मोटारीचा टायर नियमाने बाद होतो. दोनच टायर घ्यावयाचे असतील, तर दोन्ही एकाच मापाचे घेऊन मागच्या चाकांना लावावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण जूनच्या पहिल्या सरीत पुढची चाके घसरली तर चालकाला हातात जाणवते, मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. खरेदी करताना टायरवरील चार अंकी शिक्काही वाचावा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात वर्षानुवर्षे पडलेले रबर नव्या भावाने घेण्यात अर्थ नाही.

राहता राहिली स्टेपनी. चारही चाकांचे माप बदलून पाचवे जुनेच ठेवणारे पुष्कळ आहेत. देवरी-साकोलीच्या जंगलपट्ट्यात पंक्चर झाले आणि ती स्टेपनी पुढच्या चाकाला लागली, की एका आसाची दोन चाके दोन घेरांची होतात. ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढण्याचा धोका असतो. अशा वेळी वेग अगदी बेताचा ठेवून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जावे, आणि मूळ चाक दुरुस्त करून लगेच परत चढवून घ्यावे.