फ्रॅक्टल कॉलेजसाठी राखून ठेवू नका

फ्रॅक्टल भूमिती, म्हणजे लहान तुकड्यातही पूर्णाचीच नक्षी पुन्हा दिसणाऱ्या आकारांची भूमिती, शाळेत शिकवायची म्हटलं की एकच उत्तर ऐकू येतं: "ते एमएस्सीचं. दहावीला लॉगरिदम नाही, मग अपूर्णांकातली मिती कशी समजावणार?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो.

लॉगरिदम लागतच नाही. रेषाखंड तिप्पट केला की त्यात मूळचे 3 मावतात, चौरस तिप्पट केला की 9. तीनचा पहिला घात, तीनचा दुसरा घात. तो घातांक म्हणजेच मिती. आता गणितज्ञ फॉन कॉखने 1904 मध्ये मांडलेला वक्र काढा: रेषाखंडाचे तीन समान भाग करायचे, मधला पुसून तिथे तेवढ्याच दोन बाजूंचं टोक काढायचं, मग प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच. हा वक्र तिप्पट केला की मूळचे 4 मावतात. तीनचा कितवा घात चार? कॅल्क्युलेटरवर अंदाज घेत मुलं 1.26 पाशी पोहोचतात. समरूपता तर दहावीच्या पुस्तकातच आहे. आणखी काय हवं?

रत्नागिरीत तर किनाराच हाताशी आहे. जयगड ते पूर्णगड नकाशावर डिव्हायडरने मोजायला लावा. मोठ्या फाकेने भाट्याची खाडी सरळ ओलांडली जाते. फाक लहान केली की काजळी नदीच्या मुखात शिरावं लागतं आणि लांबी वाढते. गणितज्ञ मँडेलब्रॉटने 1967 मध्ये 'सायन्स'मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याविषयी हेच मांडलं.

कोणी म्हणेल, हा पुस्तकी खेळ. मग गृह मंत्रालयाचा 2023-24 चा वार्षिक अहवाल पाहा. भारताचा किनारा 7,516.6 किलोमीटरवरून 11,098.8 झाला, महाराष्ट्राचा 652.6 वरून सुमारे 878. जमीन वाढली नाही, नकाशा बारीक झाला: 1:45,00,000 ऐवजी 1:2,50,000. सुंदरबनच्या खाड्यांमुळे बंगालचा आकडा 157.5 वरून 721 वर गेला, तुलनेने सरळ किनाऱ्याच्या केरळचा जेमतेम 5 टक्के वाढला. "आधीचं मोजमाप चुकलं होतं" म्हणणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फ्रॅक्टल म्हणजे संगणकावरची रंगीत चित्रं? कॉखकडे संगणक नव्हता. परिमिती अमर्याद, म्हणून क्षेत्रफळही? समभुज त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर कॉखचा वक्र काढला तर क्षेत्रफळ मूळच्या 8/5 पटीपुढे जात नाही. नेच्याचं पान अगदी फ्रॅक्टल? दोन-तीन पायऱ्यांनंतर त्याची नक्षी थांबते, हेही मुलांना मोजू द्या.