खर्जाची तार आणि सोळा फुटी खोली

लासलगावात कांद्याची ट्रॉली लिलावाला उभी राहते तेव्हा व्यापारी वरचा थर पाहून भाव काढत नाही. तो हात आत घालतो, खालचा कांदा वर काढतो, गोल्टी किती, दुभाळका किती हे बघतो आणि मगच बोली बोलतो. याच गावातला माणूस शहरात जाऊन दोन-तीन लाखांची स्पीकरची जोडी मात्र पंधरा मिनिटांत, तीही दुकानदाराने निवडलेल्या गाण्यावर पसंत करतो. गेल्या वर्षी उन्हाळ कांद्याचे पैसे हाती आले तेव्हा आमच्या घरात दोन मते होती: नवी कांदाचाळ की स्पीकर. थोरल्या भावाने स्पीकरला रुकार दिला, पण ‘पैसे कशाला मोजले ते सांगता आले पाहिजे’ अशी अट घातली. त्या अटीपायी नाशिक, पुणे आणि मुंबईची दुकाने मी चार महिने पालथी घातली. या विषयावर जे वाचले आणि कानांनी पडताळले, ते इथे मांडतो.

पहिली अडचण डोळ्यांची. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हार्मन कंपनीतल्या ४० जणांना चार स्पीकर दोन प्रकारे ऐकवले. एकदा समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संच मागे पडला. पडदा ओढल्यावर हे अंतर बरेच आटले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे निरीक्षण. स्पीकरची जागा बदलली की आवाज बदलतो, हे पडद्याआड ऐकणाऱ्यांना जाणवत होते. स्पीकर डोळ्यांसमोर असताना त्याच माणसांचे गुण जागेनुसार फारसे हलले नाहीत. लाकडाची चकाकी आणि किमतीची चिठ्ठी कानांवर अशी मात करते.

दुसरी अडचण पातळीची. एकाच अँप्लिफायरवर, बटण न हलवता, ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर आणि ८९ डेसिबलचा स्पीकर लावला, तर दुसरा तीन डेसिबलने मोठा वाजतो. ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. याचे कारण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले होते: आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे स्वर त्या मानाने फार कमी ऐकू येतात. आवाज जरा वाढवला की तेच गाणे भरदार होते. म्हणून तुलनेआधी दोन्ही जोड्यांची पातळी सारखी करून घ्यावी. मोबाइलवरचे ध्वनिमापक अचूक नसते, पण एकाच जागी धरून दोन स्पीकरमधला फरक काढायला पुरते. एका दुकानात मी हे मागितले तेव्हा विक्रेता हसला. तिथून मी चहा पिऊन निघालो.

आता ऐकायचे काय? दुकानात बहुधा धडाकेबाज ढोल किंवा काचेसारखी गिटार लावतात. आपल्या कानांना तंबोरा जास्त ओळखीचा. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद पडतो तो उपस्वर एरवी उमटू नये; तंबोऱ्यात घोडीच्या गोलाईमुळे आणि जवारीच्या दोऱ्यामुळे तोही उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास मांडले. हा उपस्वरांचा दाट पुंजका स्पीकरची परीक्षाच घेतो. वरच्या पट्ट्यात कुठे उंचवटा असला तर जवारी तारेसारखी टोचते, खळगा असला तर ती ब्लँकेटखाली गेल्यासारखी वाटते. तबल्याबद्दलही रामन यांनी १९२० मध्ये लिहिले होते: शाईमुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, म्हणून तबला सुरात लागतो. डग्ग्याची मींड ऐकावी. स्वर सलग सरकला पाहिजे. मध्येच एखादी जागा फुगली किंवा बुडाली तर काहीतरी बिघडले आहे. मग एक पुरुषाचा आवाज, एक बाईचा आवाज, दोन्ही वर्षानुवर्षे ऐकलेले. एवढ्यावर बहुतेक निवाडा होतो.

पण बिघाड स्पीकरचा की खोलीचा? काळी एक पट्टीत खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. आमची बैठकीची खोली सोळा फूट लांब. उघड्या भिंती, वर स्लॅब, खाली कोटा फरशी. सोळा फुटांत लांबीच्या दिशेने घुमणारी दुसरी वारंवारता ७१ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ खर्जावरच. तिचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर सर्वाधिक असतो, भिंतीपासून चार फुटांवर जवळपास नाहीसा होतो. उसना आणलेला साधा स्पीकर लावून मी घरात फिरून पाहिले. सोफ्याच्या जागी, मागच्या भिंतीला टेकून, खर्ज घुमत होता. चार फूट पुढे सरकले की तंबोरा तीन तारांचा झाला. दुकानातल्या गालिचे-पडदे लावलेल्या खोलीत पसंत केलेली जोडी घरी वेगळी वाजते ती यामुळे. ग्राहक त्याला ‘माल बदलला’ म्हणतात. बदलते ती खोली.

कानाची स्मरणशक्तीही तोकडी असते. नाशिकला ऐकलेला बारीक फरक पुण्याला पोहोचेपर्यंत उरत नाही, उरते ते मत. म्हणून दोन जोड्या एकाच ठिकाणी, काही सेकंदांत अदलाबदल करून ऐकाव्यात आणि अदलाबदल दुसऱ्याने करावी. त्यानंतर पसंतीची जोडी आठवडाभर घरी ठेवून निवांत ऐकावी. थकवा आणणारा आवाज पंधरा मिनिटांत ओळखू येत नाही.

एका दुकानदाराने अनामत घेऊन दोन जोड्या घरी धाडल्या. महाग जोडी जमिनीवर उभी राहणारी, खोल खर्जाची; आमच्या खोलीत तिने खर्ज आणखी फुगवला. पुतण्याने पडद्यामागे अदलाबदल केली, घरातल्या पाच जणांनी कागदावर गुण दिले. चौघांनी लहान जोडी निवडली, भावानेसुद्धा. सोफा भिंतीपासून अडीच फूट पुढे आला, मागे पुस्तकांचे कपाट गेले. स्टँडसकट जोडी सव्वा लाखाला पडली. उरलेल्या पैशांत जुन्या चाळीचे पत्रे बदलले.