बातमीचा ताळा

वृत्तपत्राचा व्यवसाय हा विद्यापीठात शिकवण्याजोगा विषय आहे काय, हा वाद आपल्याकडे अद्याप मिटलेला नाही. आणि ज्या ज्या वेळी तो निघतो त्या त्या वेळी, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले किंवा टिळक-आगरकरादी मंडळींनी १८८१ साली ‘केसरी’ सुरू केला तेव्हा त्यांच्यापाशी वृत्तपत्रविद्येची कोणती पदविका होती, असा सवाल कोणीतरी विजयी मुद्रेने टाकतोच. सवाल बिनतोड दिसतो खरा, पण त्यात गफलत आहे. ती सारी माणसे संपादक आणि विचारवंत म्हणून थोर होती. काल रात्री गावात आग लागली ती कोठे, किती वाजता आणि कोणाच्या घराला, हे जातीने जाऊन, विचारून, पडताळून चार ओळींत सांगणारा बातमीदार ही असामीच निराळी, आणि तिला घडवण्याची रीत कोणती, हा विचार त्या सवालात कोठेच येत नाही. ही रीत जेथे शंभराहून अधिक वर्षे नेटाने चालवली जात आहे, त्या अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्यालयाचा मला तरुणपणापासून नाद आहे, आणि संपादकांनी जागेची मुभा दिल्यामुळे तो आज पुरवून घेतो.

या विद्यालयाचे पहिले अधिष्ठाते वॉल्टर विल्यम्स. हे गृहस्थ विद्यापीठाच्याच कोलंबिया गावातील ‘हेरल्ड’ पत्राचे संपादक. त्यांनी स्वतः कोणत्याही महाविद्यालयाची पदवी घेतलेली नव्हती, आणि तरीही पुढे ते सबंध विद्यापीठाचे अध्यक्ष झाले! १४ सप्टेंबर १९०८ रोजी वर्ग भरले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या पत्राचा पहिला अंक बाहेर पडला. आधी दोन वर्षे सिद्धान्त घोकावेत आणि मग भीतभीत लेखणी हाती घ्यावी, हा क्रम विल्यम्स यांना मान्यच नव्हता; कोरड्या विहिरीत पोहणे शिकवता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शिवाय ‘कोलंबिया मिसूरियन’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले ते पत्र महाविद्यालयाचे हौशी नियतकालिक नव्हे, तर गावाचे वृत्तपत्र आहे; नगरसभा, पोलीस, न्यायालये आणि शाळा यांच्या बातम्या विद्यार्थी आणतात, आणि ज्यांची हयात वृत्तपत्रांत गेली असे संपादक त्या तपासतात. तेच त्यांचे अध्यापक.

ही जगातली पहिली शाळा, असे मिसूरीकर मानतात. पॅरिसचे लोक त्यावर आपल्या १८९९ च्या विद्यालयाकडे बोट दाखवतात. या तंट्यात पडण्यापेक्षा जोसेफ पुलित्झर यांची हकीगत मला अधिक रम्य वाटते. हंगेरीतून आलेला हा तरुण बातमीदार झाला तो याच मिसूरी राज्यातील सेंट लुईस शहरात. त्याने १८९२ साली वृत्तपत्रविद्यालयासाठी देणगी देऊ केली ती मात्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला, आणि विद्यापीठाने ती तेव्हा नाकारली. अखेरीस विद्यालय निघाले ते १९१२ साली, पुलित्झर वारल्यावर एक वर्षाने. तोवर मिसूरीतल्या गावाच्या कोलंबियाने न्यूयॉर्कच्या कोलंबियाला चार वर्षांनी मागे टाकले होते.

कॅन्सस सिटीला भाच्याकडे मुक्काम असताना वाट वाकडी करून मी हे कोलंबिया गाव पाहून आलो. कॅन्सस सिटी आणि सेंट लुईस यांच्या जवळजवळ मध्यावर ते वसलेले आहे. विद्यापीठाच्या मुख्य चौकात सहा दगडी स्तंभ एकटेच उभे दिसतात. १८९२ च्या आगीत मूळची इमारत भस्मसात झाली, तिचे तेवढेच अवशेष. वृत्तपत्रविद्यालयाच्या कमानीपाशी चीनमधून भेट आलेले दोन पाषाणसिंह बसलेले आहेत. सिंह मला आवडले. परंतु माझे डोळे शोधत होते ते वृत्तकक्षातील टेबल आणि त्यावरील दूरध्वनी, कारण या शाळेचे सर्वस्व मी तेथे मानतो.

तेथे बातमी लिहून झाली म्हणजे काम संपत नाही. मजकूर छापण्यापूर्वी बातमीदाराने माहिती देणाऱ्या प्रत्येक माणसाला पुन्हा गाठायचे, आणि त्याच्या नावाचे स्पेलिंग, हुद्दा, आकडे, तारखा, त्याच्या तोंडी घातलेले शब्द, हे सारे त्याला वाचून दाखवायचे, असा दंडक आहे. मी याला बातमीचा ताळा म्हणतो. मी पाहिले तेव्हा एक विद्यार्थिनी नाल्याच्या दुरुस्तीचा खर्च दूरध्वनीवरून कोणाला तरी संथपणे वाचून दाखवत होती. पलीकडून काही दुरुस्ती आली, तिने आकडा खोडला, नवा लिहिला आणि तो नवा आकडाही पुन्हा वाचून दाखवला. त्या दुसऱ्या वाचनात सारी विद्या आली! यात एक सूक्ष्म मर्यादा आहे ती ध्यानात घेतली पाहिजे. समोरच्याला चूक सुधारण्याचा हक्क आहे, बातमीला संमती देण्याचा नाही; ‘आकडा बारा नव्हे, बावीस’ हे त्याचे म्हणणे तपासून मान्य करायचे, पण ‘बोललो खरे, परंतु आता ते छापू नका’ ही विनंती नम्रपणे बाजूला ठेवायची. हा विवेक व्याख्यानाने येत नाही. पलीकडे खरा, चिडलेला आणि अधिकारी माणूस असावा लागतो.

आपल्याकडील एका वर्गात मी अधूनमधून व्याख्यानाला जातो, तेव्हा मुलांच्या हाती नावे खोडलेला एखादा पंचनामा देतो. बातमीचा याहून चांगला वस्तुपाठ मला ठाऊक नाही. सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, जागेची चतुःसीमा, दारापासून खिडकीचे अंतर, तुटलेल्या कुलपाचे वर्णन, खाली पंचांच्या सह्या. आणि सबंध दस्तऐवजात ‘हृदयद्रावक’ किंवा ‘खळबळजनक’ असे एकही विशेषण नाही. त्यावरून पाच ओळींची बातमी लिहा म्हटले, की निम्म्या मुलांच्या इंट्रोमध्ये खळबळ हटकून माजते. मग ती खळबळ कागदात कोणत्या ओळीत आहे, एवढेच विचारायचे.

दृक्श्राव्य माध्यमांचा प्रपंचही मिसूरीने याच न्यायाने मांडला. विद्यापीठाच्या मालकीचे ‘केओएमयू’ हे दूरचित्रवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. ते एनबीसी या दूरचित्रवाणी जाळ्याशी संलग्न असलेले, जाहिरातींवर चालणारे खरेखुरे केंद्र आहे, आणि त्याच्या वृत्तकक्षात विद्यार्थी राबतात. १९७२ पासून ‘केबीआयए’ ही नभोवाणीही जोडीला आहे. आज एकाच मुलाने कॅमेरा, माइक आणि लेखणी सांभाळायची असते, म्हणून कॅमेऱ्याच्या किमतीवरून विभागाची प्रतिष्ठा ठरवण्याची प्रथा पडू पाहत आहे. मला विचाराल तर मी प्रथम मुलांचा कान तयार करीन. मुलाखत संपल्यावर कोणी न बोलता त्याच खोलीचा अर्धे मिनिट नुसता आवाज मुद्रित करून घ्यावा लागतो. पंख्याची घरघर, दूरची रहदारी, जे असेल ते. संकलनात दोन बाइटांचे, म्हणजे मुलाखतीच्या तुकड्यांचे, सांधे या आवाजाने बुजवायचे असतात. तो नसेल तर प्रत्येक सांधा कानाला खटकतो. मुले आधी हसतात. सांधा ऐकवला की मुकाट्याने माइक पुन्हा सुरू करतात.

आपल्या देशातील या शिक्षणाचा इतिहास थोडक्यात असा : मिसूरीत शिकून आलेल्या पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा विभाग उभा केला, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ च्या सुमारास शिक्षण सुरू झाले, फर्गसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. इतके येथे पुरे.

आपल्या विभागांतून परीक्षकापुरता निघालेला अंक कितीही देखणा असला तरी त्यातील चुकीबद्दल जाब विचारायला कोणी येत नाही, आणि जाब विचारणारा वाचक नसेल तर बातमीदारी शिकता येत नाही. म्हणून महाराष्ट्रातील प्रत्येक विभागाने शहराचा एक प्रभाग किंवा शेजारचा एक तालुका पत्करावा, त्याचे साप्ताहिक काढावे, मग ते कागदावर असो वा मोबाइलवर, आणि ताळा केल्याखेरीज त्यात एकही ओळ जाऊ देऊ नये. वाचकांकडेही एक मागणे आहे. असा एखादा विद्यार्थी उद्या तुम्हाला दूरध्वनी करून तुमचेच म्हणणे वाचून दाखवू लागला, तर घाईत ‘हो, हो, छापा’ म्हणू नका; शेवटपर्यंत ऐका आणि चूक असेल तर तेथल्या तेथे सांगा.