‘उमेदवार’, ‘अंतेवासी’ आणि ‘इंटर्न’ : तुर्भ्याच्या कारखान्यात प्रवेश करताना

महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रप्रकल्प समाविष्ट झालेला आहे. भाषाविषयाच्या विद्यार्थ्याने त्यासाठी कोठे जावे, हा प्रश्न विभागात नेहमी निघतो. वृत्तपत्रे व प्रकाशनसंस्था ही त्याची सरळ उत्तरे होत. परंतु नवी मुंबई परिसरातील विद्यार्थ्यास आणखी एक दार उघडे आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीतील, विशेषतः तुर्भ्याच्या कारखान्यांतील, मनुष्यबळ विभाग हे ते दार होय. तेथे पहिल्या दिवशी त्याची नोंद कोणत्या नावाने होते, एवढ्याच मुद्द्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मुद्दा लहान दिसतो, पण विद्यार्थ्याची तेथील सारी स्थिती त्यावर अवलंबून आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला शब्द. आशा धरून असलेला, हा त्याचा मूळ अर्थ. निवडणुकीस उभा राहणारा आणि कारागिराच्या हाताखाली काम शिकणारा, असे दोन्ही अर्थ मराठीने त्यावर चढविले. ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पुढील नोकरीच्या आशेवर आज थोडक्या पैशांत राबणे, हा त्यातील दुसरा अर्थ कोणत्याही मराठी माणसास सांगावा लागत नाही. वैद्यकीय शिक्षणात मात्र ‘आंतरवासिता’ हा घडविलेला शब्द स्थिर झाला. त्यास जवळचा असा जुना शब्द ‘अंतेवासी’, म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. स्मृतिग्रंथांत हा शब्द शिल्प शिकणाऱ्या मुलासही लाविलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे त्याची विद्या लवकर पुरी झाली तरी ठरलेली मुदत त्याने गुरुगृही काढावी व आपल्या कामाचे फळ गुरूस द्यावे. नारदस्मृती गुरूवरही बंधन घालते : त्याने शिष्यास आपल्या घरी जेवण देऊन शिकवावे, शिकण्याच्या कामाखेरीज दुसरे काम त्याजकडून करवून घेऊ नये आणि त्यास पुत्राप्रमाणे वागवावे. कागदपत्रांच्या प्रती काढणे व चहा आणणे यांत ज्याचे सहा आठवडे जातात, त्या आजच्या विद्यार्थ्याची तक्रार स्मृतिकारांस अपरिचित नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कायदा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने ह्या जुन्या नात्यास लेखी कराराचे रूप दिले. करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन द्यावे लागते, आणि आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या तरतुदी उमेदवारास लागू होतात. प्रशिक्षण घेताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. त्याच अधिनियमात असेही स्पष्ट म्हटले आहे की, शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांसही ही वाट मोकळी झाली. म्हणजे ‘शिकाऊ उमेदवार’ ह्या दोन शब्दांमागे काही हक्क उभे आहेत, आणि काही हक्क त्यांनी बुद्धिपुरस्सर बाहेर ठेविले आहेत. ‘इंटर्न’ ह्या शब्दामागे मात्र ह्या अधिनियमातील काहीच उभे नाही. असा विद्यार्थी कामगार नाही आणि नोंदलेला उमेदवारही नाही. विद्यापीठाचे व कारखान्याचे पत्र यांत जे लिहिले असेल, तेवढाच त्याचा आधार. पत्रात अपघाताचा उल्लेख नसेल, तर यंत्रशाळेच्या दारात पाय घसरून पडलेल्या विद्यार्थ्याचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्याचे उत्तर त्या पत्रात सापडणार नाही.

विभागाच्या स्वतःच्या नावाचीही कथा अशीच आहे. सरकारी कचेरीत हे काम ‘आस्थापना शाखा’ करते. कारखान्यांत १९४८ च्या कारखाना अधिनियमामुळे, पाचशे वा अधिक कामगार असतील तेथे, कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक झाले. पुढे ‘पर्सोनेल’ आले आणि त्याच्या जागी आज ‘मनुष्यबळ’ किंवा ‘मानव संसाधन’ आहे. ह्यांपैकी ‘संसाधन’ हिंदीच्या वाटेने आलेले दिसते. मराठीत ‘साधनसंपत्ती’ होतीच. पण माणसास संपत्ती म्हणणे बहुधा कोणास रुचले नसावे. साधन म्हणणे रुचले, हे विशेष!

भाषेच्या विद्यार्थ्यास तेथे करण्याजोगे काम काय? हजेरीपट, रजेचे अर्ज, नेमणुकीची पत्रे आणि दारावरील सूचनाफलक हे सर्व भाषेचेच व्यवहार होत. १९४६ च्या स्थायी आदेश अधिनियमाने असे ठरविले होते की, स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आल्याने तो अधिनियम मागे पडला, तरी त्यातील प्रश्न शिल्लकच आहे : ‘समजणारी भाषा’ म्हणजे कोणती? कामगार ‘हजेरी’, ‘पाळी’, ‘बदली’, ‘खाडा’ म्हणतो. फलकावर ‘उपस्थिती’, ‘सत्र’, ‘अनधिकृत अनुपस्थिती’ असते. ‘त्याचा हिशेब झाला’ ह्याचा अर्थ तो नोकरी सोडून गेला, हे शब्दकोश पाहून कळत नाही. अशा शब्दांची जोडयादी करणे, आणि एखादी सूचना दहा कामगारांस वाचून दाखवून त्यांना काय समजले ते टिपून घेणे, हे आमच्या मते १२० तासांत होण्यासारखे आणि विभागासही उपयोगी पडणारे काम आहे. त्यात कामगारांची नावे वा वेतनाचे आकडे वहीत उतरू नयेत, हे वेगळे सांगावयास नकोच.

नोंदीचे महत्त्व ज्यास पटत नसेल त्याने तुर्भ्याच्याच दुसऱ्या अंगास, कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, जाऊन पाहावे. तेथील माथाडी टोळीने व मुकादमाच्या हाताखाली काम करतो. १९६९ च्या माथाडी अधिनियमापासून त्याची नोंद मंडळाकडे होऊ लागली, व्यापाऱ्याच्या वहीत नव्हे. आणि त्या नोंदीमुळेच भविष्यनिर्वाह निधी व रजावेतन त्याच्यापर्यंत पोहोचले. मनुष्यबळ विभाग तेथे नाही, परंतु माणसाचे कायदेशीर नाव आहे.

तेव्हा विद्यार्थ्यास तुर्भ्यास धाडण्यापूर्वी पत्राचा मसुदा आपल्या विभागाने करावा, कारखान्यावर सोडू नये. करार नोंदलेला असेल तर आणि तरच त्यात ‘शिकाऊ उमेदवार’ लिहावे. एरव्ही ‘प्रशिक्षणार्थी विद्यार्थी’ पुरे. कामाचे स्वरूप, रोजचे तास, मार्गदर्शकाचे पद, विद्यावेतन असल्यास त्याची रक्कम आणि अपघाताची जबाबदारी, इतके त्यात असावे. पत्र मराठीतही असावे, कारण पहिल्या दिवशी ते प्रथम वाचणारा माणूस फाटकावरचा पहारेकरी असतो.