तारखेपर्यंतची शाळा

निरीक्षणगृहाच्या वर्गात कंपासपेटी चालत नाही. कर्कटकाला टोक असतं, म्हणून ते नाही. धातूची पट्टी नाही. प्लास्टिकची मोडली की तिलाही धार येते, म्हणून ती काळजीवाहकांच्या डोळ्यांसमोरच वापरायची. शार्पनरमध्ये पातं असतं, त्यामुळे पेन्सिली मी घरूनच टोक करून आणते आणि निघताना मोजून परत घेते. दोरा, सुतळी, रीळ यांपैकी काहीही आत जात नाही. का, ते सांगायला नको.

एवढं सगळं बाहेर ठेवल्यावर नववी-दहावीच्या भूमितीचं काय उरतं? मुलांच्या जेवणाचं स्टीलचं ताट उरतं. पाठकोऱ्या कागदावर ताट उपडं ठेवायचं आणि कडेने पेन्सिल फिरवायची. वर्तुळ झालं. त्याचा मध्य शोधायचा तर कागद खिडकीच्या उजेडात धरून वर्तुळाची कड कडेवर बरोबर बसेल अशी घडी घालायची, मग दुसरीकडून आणखी एक. घड्या जिथे छेदतात तो केंद्रबिंदू. आता वर्तुळात कुठलीही जीवा काढा आणि तिची दोन टोकं एकमेकांवर आणून कागद दुमडा. घडी केंद्रातूनच जाते. पाठ्यपुस्तकात हे प्रमेय सिद्धतेसह दिलेलं आहे. तीस वर्षं माध्यमिक शाळेत मी ते फळ्यावर सिद्ध करून दाखवलं, आणि ‘असं कसं होतं?’ हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. इथे विचारतात. गॅरेजमध्ये कामाला असलेला एकजण तर म्हणाला, “बाई, पॅकिंग कापताना आम्ही सेंटर असंच काढायचो, पण त्याला नियम असतो हे माहीत नव्हतं.”

निवृत्तीनंतर मी आमच्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात शिकवायला जाते. गावाचं नाव लिहीत नाही, मुलांची तर नाहीच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, आणि लहान जिल्ह्यात गावाच्या नावावरूनही ओळख पटते. लोक या जागेला अजून ‘रिमांड होम’ म्हणतात, मुलं नुसतं ‘होम’. कायद्याच्या भाषेत ही ‘विधिसंघर्षग्रस्त बालकं’, म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे आणि ज्यांची चौकशी बाल न्याय मंडळापुढे चालू आहे अशी अठराच्या आतली मुलं. आरोप आहे, निकाल नाही. हा फरक गेटबाहेर फारसा कुणी करत नाही.

चौकशी कधी संपायला हवी तेही कायद्यात आहे. मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत, आणि कारणं लेखी नोंदवून आणखी दोन महिन्यांत. दोष सिद्ध झाला तर मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा सांगू शकतं, परिविक्षेवर घरी पाठवू शकतं, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी विशेष गृहात ठेवू शकतं. त्याआधीच जामीन मिळण्याची शक्यता मोठी असते, कारण या कायद्यात गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र यावर जामीन ठरत नाही. तो देणं हा नियम, नाकारणं हा अपवाद. हे योग्यच आहे. मूल घरी असावं.

पण या योग्य गोष्टीमुळे शाळेची घडीच बसत नाही. माझ्या वर्गातलं कोण पुढच्या आठवड्यात असेल हे मला कधीच माहीत नसतं. कुणी तीन दिवस राहतो, कुणी तीन महिने, एखाद्याच्या घरून जामिनाला कुणीच येत नाही म्हणून तो त्याहून जास्त. अपूर्णांक सोमवारी सुरू करून शुक्रवारी संपवू, असं नियोजन चालत नाही. तास सुरू असताना शिपाई दारात येतो, एक नाव घेतो, आणि तो मुलगा वही बाकावर टाकून पळतो. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा चेहरा असतो, डोळे सुजलेला, भिंतीला टेकून बसलेला. म्हणून इथला धडा एका दिवसाचा असावा लागतो. आज सुरू, आजच पूर्ण, आणि उद्या कुणी आला नाही तरी त्याच्या हाती काहीतरी लागलेलं. ताटाच्या वर्तुळाचा धडा असा आहे. बीजगणिताचे असे धडे बनवायला मला फार वेळ लागला, आणि काही अजूनही जमलेले नाहीत.

वयाचाही मेळ नाही. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि देशात अशा प्रकरणांत ताब्यात घेतल्या जाणाऱ्या मुलांपैकी चारातले साधारण तिघे सोळा ते अठरा या वयाचे असतात. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचा हात जिथे सुटतो, त्याच्या पुढे दोन पावलांवर ही मुलं सापडतात. एका बाकावर अकरावी सायन्सचा मुलगा, शेजारी पाचवीनंतर शाळा न पाहिलेला, मागे एक जण ज्याला स्वतःचं नाव लिहिता येतं आणि तेवढंच. केस काय आहे हे मी विचारत नाही. मुलं ती आपणहूनच पहिल्या पाच मिनिटांत सांगतात, तीही जुन्या कलमांनी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले, पण पोरांच्या तोंडी अजून खुनाच्या प्रयत्नाचं ‘तीनशे सात’च.

शाळा का सुटली याचं उत्तर मात्र सरकारी कागदावर चांगलं मिळतं. परिविक्षा अधिकारी प्रत्येक मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत त्याचा नमुना आहे आणि त्यात शाळा सोडण्याची कारणं छापलेलीच आहेत, फक्त खूण करायची. नापास होणं, घरासाठी कमावणं, आईवडिलांचा अचानक मृत्यू, ही आपल्याला सुचतील अशी. पण पुढे शिक्षकांची बेपर्वाई, शाळेतलं कडक वातावरण, शाळेत झालेला अपमान, मारहाण, शिकवण्याची भाषा हीसुद्धा आहेत. ज्याने हा तक्ता लिहिला त्याला शाळा आतून माहीत होती. इतकी वर्षं शिक्षकी केलेल्या माणसाने तो एकदा सावकाश वाचावा. निम्म्या कारणांत आपण आहोत.

वाचायला शिकवणं हे इथलं सगळ्यांत नाजूक काम. सोळा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या मुलापुढे बालभारतीचं पहिलीचं पुस्तक ठेवलं तर तो ते बंद करतो आणि पुन्हा वर्गात येत नाही. मी सुरुवात त्याच्या गरजेच्या कागदापासून करते. पालक, तारीख, अर्ज, मंडळ, मग हमीपत्र. हा शब्द सगळ्यांना ओळखीचा असतो, कारण त्यावर बापाची सही किंवा अंगठा झाल्याशिवाय सुटका नाही. जोडाक्षरांसाठी ‘प्रतिज्ञापत्र’ एकटा पुरतो, त्यात तीन आहेत. बाप अंगठा उठवतो त्या कागदावर काय लिहिलंय हे आपल्याला वाचता आलं पाहिजे, एवढं कारण पोरांना पुरतं. गणितात उलट असतं. भंगाराच्या दुकानात राबलेला मुलगा सदतीस किलोचा भाव तोंडी सांगतो, पण तोच गुणाकार कागदावर मांडताना हातचा कुठे लिहायचा यावर अडतो.

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या मोटार अपघाताच्या प्रकरणात एका अल्पवयीन मुलाला जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि देशभर संताप उसळला. दोन माणसं गेली होती, संताप समजण्यासारखाच होता. त्या दिवसांत आमच्या वर्गातही यावर बोलणं झालं. मुलांना राग होता, पण त्यातल्या दोघांचा प्रश्न वेगळाच होता. तीनशे शब्द म्हणजे किती पानं? मी सांगितलं, दीड-दोन. त्यावर एक जण खूप हसला. त्याला एक ओळ लिहायला पाव तास लागायचा.

या सगळ्यात ज्या गोष्टीवर मुलाचं पुढचं शिक्षण खरोखर अडतं ती वर्गात नसतेच, ती कपाटात असते. शाळा सोडल्याचा दाखला. मुलगा पकडला जातो तेव्हा सगळ्यांत आधी हाच कागद शोधला जातो. कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वयाचा पहिला पुरावा शाळेकडचा किंवा दहावीच्या प्रमाणपत्राचा, तो नसेल तर महापालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेची तारीख सांगते की तो मूल आहे की नाही. आणि ती तारीख कितीदा १ जून असते हे महाराष्ट्रातल्या शिक्षकांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना आईला नक्की दिवस आठवला नाही की गुरुजी १ जून लावून टाकत. पहिलीत प्रवेश बसावा म्हणून लावलेल्या त्या तारखेवर दहा वर्षांनी पोरगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो की सत्र न्यायालयापुढे, हे ठरू शकतं.

पोलीस त्या कागदाची प्रत मिळवतात, ती प्रकरणाच्या फाइलीत जाते आणि तिथेच राहते. मुलाला दहावी बाहेरून द्यायची असली की राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा असतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. ज्या कागदाने त्याला मूल ठरवलं, तोच आता विद्यार्थी होण्यासाठी हवा, आणि तो कुणाकडेच नसतो. वडील शाळेत जातात, कारकून विचारतो कशाला हवाय, वडील खाली मान घालतात आणि परत येतात. फॉर्मवर पत्ता कोणता लिहायचा हाही प्रश्न असतो. निरीक्षणगृहाचा लिहिला तर तो कागदोपत्री कायम राहील, घरचा लिहिला तर घर कधी बदलेल याचा नेम नाही.

माझं मत विचाराल तर १७ नंबरपेक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग या मुलांना जास्त सोयीचा आहे. चौदा पूर्ण झालेल्याला तिथे दहावीला नाव घालता येतं, नोंदणी पाच वर्षं चालते, आणि एकेक विषय सुटेल तसा सोडवत नेता येतो. आज आत, उद्या बाहेर, परवा वीटभट्टीवर, अशा आयुष्याला एका मार्चमध्ये सगळे विषय पास व्हायची अट झेपत नाही. पण मुक्त शाळेसाठीही कुणीतरी नोंदणी करणारं, अभ्यासकेंद्र शोधणारं, परीक्षेच्या दिवशी आठवण करणारं माणूस लागतं. आणि ते माणूस जामिनाच्या दिवशी संपतं. निरीक्षणगृहाची जबाबदारी गेटपर्यंत, परिविक्षा अधिकाऱ्यांकडे डझनावारी प्रकरणं, आणि माझ्यासारखी स्वयंसेवक मुलाचा फोन नंबरसुद्धा ठेवू शकत नाही. नियमांनी प्रत्येक मुलाचा वैयक्तिक देखभाल आराखडा करायला सांगितलाय. त्यात शिक्षणाचा रकाना भरलेला असतो. भरतो एक जण आणि अंमलात आणणारा कुणीच नसतो.

त्याचं मूळ नेमणुकीत आहे. त्याच आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेचा कर्मचारी-तक्ता आहे. अधीक्षक, समुपदेशक, स्वयंपाकी पूर्णवेळ, आणि शिक्षक मात्र स्वयंसेवी किंवा अर्धवेळ. म्हणजे माझ्यासारख्या निवृत्त बाईच्या सवडीवर व्यवस्थेने ही जागा भागवलेली आहे. मला हे काम आवडतं, तरी ते माझ्या सवडीवर चालावं हे मला मान्य नाही. मी आजारी पडले की शाळा बंद.

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना शिकवण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुधारशाळा निघाली, १९२४ मध्ये मुंबई बाल अधिनियम आला, १९२७ पासून चिल्ड्रन्स एड सोसायटी काम करते आहे. डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे, तिथे १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर एकशे एक दिवस होते. दोघेही तेव्हा न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक. शिक्षक आत गेले तेव्हा पुण्या-मुंबईने त्यांचा जयजयकार केला आणि सुटल्यावर त्यांची नोकरी जागेवर होती. विद्यार्थी आत जातो तेव्हा त्याचं नाव पटावरून कमी होतं.

म्हणून शेवटचं बोलणं मुख्याध्यापकांशी, जे एकेकाळी माझे सहकारी होते. दाखल्याची दुसरी प्रत मागायला किंवा पुन्हा प्रवेश मागायला असा मुलगा आला तर ‘आत कशाला होतास’ हे विचारू नका. प्रकरण बंद झालं असेल तर चारित्र्य पडताळणीतसुद्धा पोलिसांना ती नोंद उघड करता येत नाही, हे कलम ७४ मध्येच आहे. आणि सोळा वर्षांवरील ज्यांचा खटला प्रौढ म्हणून चालला ते सोडले, तर दोष सिद्ध झालेल्या मुलालाही त्यामुळे कुठलीही अपात्रता येत नाही, असं कलम २४ सांगतं. त्याचं नाव तुमच्या जनरल रजिस्टरमध्ये अजून आहे. दुसऱ्या प्रतीला त्यातली एक ओळ, शिक्का आणि तुमची सही लागते.